हिरवळीच्या खताला स्वस्त युरियाचा अडसर

भाजीपाल्याला लागणारे नत्र हवेतून मिळवण्याची विद्या भारतीय शेतीला नवी नाही. ताग किंवा धैंचा पेरावा, फुलोऱ्यावर येताच जमिनीत गाडावा आणि मग पुढचे पीक घ्यावे, हा सल्ला कृषी विद्यापीठे अनेक वर्षे देत आली आहेत. तरीही ही पद्धत शेतापेक्षा शिफारशींच्या पुस्तिकांतच अधिक नांदते. त्याचे कारण शेतकऱ्याच्या अज्ञानात नव्हे, तर युरियाच्या किमतीत आहे.

तागाचे चांगले पीक हेक्टरी ६० ते ८० किलो नत्र जमिनीत घालते. कांद्यासाठी हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे, हे पाहता हा वाटा मोठा आहे. परंतु युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते आणि ती शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांत मिळते. म्हणजे तागाचे सारे नत्र चार गोण्यांत, जेमतेम हजार रुपयांत येते. तेवढ्या पैशांत हेक्टरभर पेरायला तागाचे पुरेसे बियाणेही मिळत नाही. शिवाय पावसाळ्यातील दीड-दोन महिने जमीन अडकते. दोन एकरांचा धनी त्या काळात सोयाबीन किंवा कोथिंबीर घेणे पसंत करणार, हे उघड आहे.

युरियाची ही स्वस्ताई मात्र फसवी आहे. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान लागू झाले, तेव्हा युरियाला त्यातून वगळण्यात आले. युक्रेन युद्धाने भाव भडकल्यावर २०२२-२३ मध्ये खत अनुदानावर अडीच लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. तो भार करदात्यांवरच पडतो. शिवाय टाकलेले सगळे नत्र पिकाला लागू पडत नाही. काही नायट्रेटच्या रूपाने विहिरींत उतरते, तर काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जाते.

हिरवळीचे खत रामबाण नव्हे. ताग जून होऊन त्याचे धागे कडक झाले, की तो कुजताना जमिनीतलेच नत्र काही काळ अडकवून ठेवतो. टोमॅटोसारख्या लांब मुदतीच्या पिकाला वरखत द्यावेच लागते. मात्र जूनमध्ये पेरलेला ताग ऑगस्टमध्ये गाडला, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड होणाऱ्या रांगड्या कांद्याला तो वेळेवर उपयोगी पडतो. वर जमिनीचा सेंद्रिय कर्बही राखला जातो, जे युरियाला साधत नाही.

जून २०२३ मध्ये केंद्राने ‘पीएम-प्रणाम’ योजना मंजूर केली. रासायनिक खतांचा वापर घटवून वाचलेल्या अनुदानाचा निम्मा हिस्सा राज्यांना देण्याची तीत तरतूद आहे. परंतु जमीन दोन महिने अडकवून ठेवण्याचा तोटा राज्य नव्हे, शेतकरी सोसतो. वाचलेल्या पैशातून त्याला तागाचे बियाणे आणि गमावलेल्या हंगामाची हेक्टरी भरपाई थेट मिळाली, तरच हिशेब जुळेल. गोणीमागे अनुदान देणाऱ्या सरकारने तेच नत्र जमिनीत तयार करणाऱ्याला रिकाम्या हाती ठेवणे न्यायाचे नाही आणि व्यवहाराचेही नाही.