ताट कोण घासणार?

दिवाळी जवळ आली की फराळाच्या आधी उपदेश तळून निघतो. वर्तमानपत्रांतून, व्याख्यानमालांतून, शाळांच्या प्रार्थनासभांतून एकच सूर ऐकू येतो : एकदा वापरून फेकायच्या वस्तू सोडा, कागदी पेले नकोत, चकचकीत ताटल्या नकोत, पिशवी घरून न्या, पृथ्वी वाचवा. हा उपदेश खोटा आहे असे मी म्हणत नाही. गेली चार वर्षे मी तो घरात आणि शाळेत पाळण्याचा प्रयत्न करते आहे. माझे भांडण उपदेशाशी नाही, उपदेशकांशी आहे. त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी पंचवीस माणसांची उष्टी ताटे घासलेली नाहीत. ज्याने ताट घासले नाही त्याला कागदी ताटली घरात का आली हे कळत नाही, आणि का आली हे ज्याला कळत नाही त्याला ती घालवताही येणार नाही.

ही सोय मुळात कोणासाठी निघाली? अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या १ ऑगस्ट १९५५ च्या अंकात एक छायाचित्र छापले होते. नवरा, बायको आणि मूल हात उंचावून उभी आहेत, आणि त्यांच्याभोवती ताटल्या, पेले, चमचे असा सारा पसारा हवेत उडतो आहे. सगळा एकदा वापरून फेकायचा. सोबतच्या मजकुराचा मथितार्थ असा, की ह्या वस्तू स्वच्छ करायच्या म्हटल्या तर चाळीस तास लागतील, पण आता कोणा गृहिणीला ती तसदी नको.

आज लोक ते चित्र दाखवून हसतात. मला हसू येत नाही. त्या मजकुराने नकळत एक गोष्ट कबूल केली होती : काम चाळीस तासांचे होते, आणि ते एकटीचे होते. चित्रातल्या नवऱ्याने वीस तास आपल्याकडे घ्यावेत, हे मात्र कोणाला सुचले नाही. दोघांत वाटून घेण्यापेक्षा ते काम धरतीच्या अंगावर टाकणे सोपे वाटले.

आपल्याकडेही तेच घडले. थोडे उशिरा, एवढेच. सत्यनारायण, बारसे, डोहाळजेवण, मंगळागौर, काहीही असो, रात्री अकरा वाजता पाहुणे ओसरीवर पान जमवीत असत आणि आत मोरीपाशी दोन जावा राखेने पातेली घाशीत असत. मग बाजारात थर्माकोलच्या ताटल्या आल्या. पंगत उठली, ताटल्या गोळा केल्या, पोते बांधले, उकिरड्यावर टाकले. त्या रात्री ती बाई इतर माणसांबरोबर ओसरीवर येऊन बसली. लग्नानंतर कदाचित पहिल्यांदाच. तिने त्या थर्माकोलला मनोमन हात जोडले असतील, तर तिला दोष देण्याची माझी छाती नाही. तिच्या हातातली ताटली काढून घेणारे आपण तिच्या हाती पुन्हा घासणीच देणार असलो, तर तिने आपले का ऐकावे?

यावर दोन प्रकारची माणसे बोलायला उभी राहतात. पहिली, पूर्वीचे गोडवे गाणारी. ‘आमच्या वेळी कुठे होता कचरा?’ असे म्हणणाऱ्या आजोबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पळसाची, वडाची पाने चोयांनी टाचून पत्रावळी होत आणि मातीत मिसळत. आकाशकंदिलाचा कामट्यांचा सांगाडा माळ्यावर ठेवला जाई. दर दिवाळीला कागद तेवढा नवा. गावच्या देवळात सामायिक भांडी असत, देणाऱ्याचे नाव कोरलेली. ज्याच्या घरी कार्य तो घेऊन जाई आणि मोजून परत ठेवी. शेजारून फराळाचा डबा आला तर तो रिकामा परत जात नसे, निदान चिमूटभर साखर तरी त्यात पडे. डबा परत करायचा असल्यामुळे माणसांचे जाणेयेणे टिकून राही. आज खोक्यातून मिठाई येते, खोके केरात जाते आणि शेजारीही तिथेच संपतो.

हे सगळे मला प्रिय आहे. पण आजोबा उरलेले अर्धे सांगत नाहीत. त्या उष्ट्या पत्रावळी उचलीत कोण होते? ज्यांना गावाबाहेर राहायला लावले होते, त्यांच्या माथी ते काम जन्मानेच मारलेले होते. घरातली घाण बाईच्या पदरात आणि गावातली घाण एका जातीच्या पदरात घालून उरलेले गाव स्वच्छ राहत होते. पत्रावळ परत आणा, जरूर आणा. ती उचलायची रीत मात्र परत आणू नका.

दुसरा पंथ खरेदीचा. बांबूचा दात घासायचा ब्रश, स्टीलची नळी, काथ्याची घासणी आणि ‘पृथ्वी वाचवा’ असे छापलेली सुती पिशवी! आमच्या ओळखीच्या एका घरात अशा सतरा पिशव्या खुंटीला लोंबताना मी मोजल्या आहेत. इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले, की हवामानावरील परिणामापुरते बोलायचे तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी, तेव्हा कुठे ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली शाळेतली बाई. रसायनशास्त्र मला कळत नाही, पण भागाकार कळतो. आठवड्यातून एकदा बाजार धरला तर एका पिशवीला अडीच वर्षे. सतरा पिशव्यांचा हिशेब फिटायला त्या घराला बेचाळीस वर्षांहून अधिक बाजार करावा लागेल! जुन्या विजारीच्या पायाची पिशवी शिवली तर दुकानात जावेच लागत नाही. पण ती शिवायची कोणी? प्रश्न फिरून त्याच उंबरठ्यावर येतो.

आता फेकलेली ताटली कुठे जाते ते पाहू. पुण्याचा केर उरुळी देवाची आणि फुरसुंगी ह्या गावांनी वर्षानुवर्षे सोसला. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी केराच्या गाड्या अडवल्या आणि शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून केर पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाने काढलेल्या छायाचित्रांतही दिसला.

आणि त्या ढिगांवर वाकून वेचणारे कोण? बहुतेक बायाच, आणि त्याही बहुतेक दलित. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे २००८ पासून त्यांच्यातल्याच सभासदांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. त्यांचे मागणे काय होते? ओला कचरा वेगळा द्या, सुका वेगळा द्या. आणि बाळाचे वापरलेले लंगोट व बायकांचे पॅड कागदात गुंडाळून वर एक लाल ठिपका काढा, म्हणजे आत काय आहे हे आम्हांला हातांनी उघडून पाहावे लागणार नाही. एक लाल ठिपका! शिकल्यासवरल्या शहराला एवढेही काम सांगावे लागते, आणि सांगूनही अनेक घरांना ते जमत नाही.

तेव्हा वाचकहो, ‘सोय’ ह्या शब्दाचा खरा अर्थ ध्यानात घ्या. काम नाहीसे झालेले नाही. मोरीपाशी वाकलेली एक बाई उठली आणि तिच्या जागी दुसरी बाई ढिगावर वाकली. मधल्या मधे सुटले ते तेच, जे पहिल्यापासून ओसरीवर बसले होते.

सरकारने काही केले नाही असे नाही. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांनी, २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, नळ्या, इतकेच काय, मिठाईच्या खोक्यावरचे पातळ वेष्टनसुद्धा बंद केले. उत्तम झाले. पण कायद्याचा हात दुकानातल्या ताटलीपर्यंत पोचतो, मोरीतल्या ताटापर्यंत पोचत नाही. म्हणून एक वस्तू बंद झाली की दुसरी येते. प्लॅस्टिकचा पेला गेला, कागदाचा आला. आणि त्या कागदाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो, नाहीतर चहा हातावर गळेल.

ह्याचे मूळ कुठे आहे ते मला शाळेत दिसले. आमच्या स्नेहसंमेलनाला दरवर्षी कागदी पेल्यांची पोती निघत. एका वर्षी आम्ही चार शिक्षिकांनी गावातल्या बचत गटाकडून २०० स्टीलचे पेले भाड्याने आणले. हौदापाशी तीन बादल्या मांडल्या आणि सहावी-सातवीच्या मुलामुलींच्या तुकड्या पाडल्या. गाणी म्हणत, एकमेकांवर पाणी उडवीत पोरांनी पाऊण तासात सगळे पेले लखलखीत केले. पोरे भिजली, एवढाच काय तो तोटा.

तिसऱ्या दिवशी एक पालक आले. “बाई, आमच्या पोराला काय भांडी घासायला शाळेत घातलंय?”

मी म्हटले, “दादा, तुमची मुलगीही सातवीत आहे. तिनंही घासली.”

“तिचं वेगळं,” ते म्हणाले. “तिला सवय हवीच.”

गृहस्थ वाईट नव्हते. मुलीला शिकवत होते, दोघांची फी वेळेवर भरत होते. पण ‘तिचं वेगळं’ ह्या दोन शब्दांत मला गावातले सगळे उकिरडे दिसले. ज्या घरात मुलाला ताट घासण्याची लाज आणि मुलीला सवय लावली जाते, त्या घरात मुलगी मिळवती होऊन दमून परत येऊ लागली की तिसऱ्या दिवशी फेकायची ताटली येणारच. दुसरी वाट ठेवलीच कुठे आहे? पुढच्या वर्षी वरून निरोप आला, की वाद नको. कागदी पेले परत आले. त्या संमेलनाचा विषय होता पर्यावरण! पाहुणे चाळीस मिनिटे बोलले आणि बोलताना दोन बाटल्या पाणी प्यायले. दोन्ही बाटल्या व्यासपीठाखाली सापडल्या.

घरी माझे राज्य थोडे अधिक चालते. नियम एकच : जो जेवला त्याने आपले ताट घासावे. आमच्या ह्यांनी तो मानला. सासूबाई पहिले काही दिवस तोंड फिरवून बसत. पुरुषमाणूस मोरीत वाकलेला त्यांना पाहवेना. आता त्याच मुलाला ‘कड नीट घास रे’ म्हणून सांगतात. भाऊबीजेला आमच्याकडे एकोणीस माणसे असतात. माझा धाकटा भाऊ पहिल्या वर्षी कागदी ताटल्यांचा गठ्ठाच घेऊन आला होता. “ताई, तुला त्रास नको.” मी म्हटले, “त्रास नको असेल तर बाह्या वर कर.” ताट, वाटी आणि पेला मिळून दीड मिनिट लागते. एकीने घासली तर अर्धा तास आणि कंबरदुखी. एकोणिसांनी घासली तर दीड मिनिट आणि थोडी थट्टामस्करी.

आक्षेप मला ठाऊक आहेत. कोणी म्हणेल, पाणी कुठे आहे? जिथे टँकरने पाणी येते तिथे हा आक्षेप खरा आहे. तिथल्या कार्याला पानांची पत्रावळच योग्य. कोणी म्हणेल, आजारी माणसाचे काय, अपंगाचे काय? ज्याला नळीवाचून पाणी पिता येत नाही त्याच्यावर बोट रोखणाऱ्याला मी पर्यावरणप्रेमी मानत नाही. बाळंतिणीने रात्री तीनला बाळाला कोणता लंगोट बांधला, हे विचारायचा अधिकार त्यालाच, जो पहाटे उठून दुपटी धुणार आहे. आणि कोणी म्हणेल, आमच्याकडे भांड्यांना बाई आहे. तर मग तिलाही घर आहे, तिलाही पाडवा आहे. एकोणीस माणसांची ताटे तिच्यापुढे रचून ‘आम्ही कागदी ताटल्या सोडल्या’ असे मिरवणे म्हणजे तिच्या कंबरेवर आपले पुण्य जमा करणे.

फेकायच्या वस्तू सोडायच्याच आहेत. त्यात माघार नाही. पण त्या सोडण्याचा हिशेब दुकानात मांडू नका, भाषणात मांडू नका. घरात किती माणसे जेवली आणि किती माणसांनी भांडी घासली, हे दोन आकडे समोरासमोर ठेवा. ते जुळले की कागदी ताटलीला घरात जागाच उरणार नाही. ते जुळत नाहीत तोवर बंदीचे कायदे येतील, वस्तू नावे बदलतील आणि ढिगावरची बाई तशीच वाकलेली राहील.

हा लेख पटला तर मला पत्र पाठवू नका. लक्ष्मीपूजनाचे जेवण झाले की अंक मिटून ठेवा, मोरीपाशी जा, तिथे कोण बसले आहे ते पाहा, आणि म्हणा, “सरक जरा.”