कोळशाच्या भट्टीचा ‘मेंदू’ कोणत्या डब्यात ठेवणार?

घरी बनवलेल्या बार्बेक्यू कंट्रोलरमध्ये सर्किटपेक्षा खोका महत्त्वाचा का ठरतो?

टेक्सासमध्ये ब्रिस्केट करणं म्हणजे रात्र जागवणं. बैलाच्या छातीकडचा हा चिवट तुकडा २२५ अंश फॅरेनहाइटवर, म्हणजे साधारण १०७ अंश सेल्सिअसवर, धुरात बारा-चौदा तास ठेवावा लागतो. तेव्हा कुठे त्यातलं कोलॅजन विरघळतं आणि मांस मऊ पडतं. मध्येच, मांसाचं आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान आलं की काटा तासन् तास हलत नाही. मांसातून बाहेर येणारं पाणी वाफ होताना तेवढीच उष्णता घेऊन जातं. आपल्या माठातलं पाणी ज्या कारणानं थंड राहतं, अगदी तेच कारण. तिथले लोक याला ‘स्टॉल’ म्हणतात. नवखा माणूस इथे घाबरतो, कोळसा वाढवतो आणि सगळं करपवतो.

या जागरणावर तिथल्या हौशी मंडळींनी उपाय शोधला. भट्टीच्या खालच्या झरोक्याला एक छोटा पंखा लावायचा, आत तापमान मोजणारा प्रोब सोडायचा आणि मध्ये एक कंट्रोलर बसवायचा. तापमान घसरलं की पंखा फुंकर घालतो, वाढलं की थांबतो. ‘हीटरमीटर’ हा याच प्रकारातला ओपन सोर्स प्रकल्प बराच गाजला. एटीमेगा ३२८ ही आर्डुइनोवाली चिप पंखा सांभाळते आणि तिच्या पाठीवरचा रास्पबेरी पाय मोबाइलवर आलेख दाखवतो. भट्टीचं झाकण कुणी उघडलं तर तापमान एकदम कोसळल्यावरून त्याला ते कळतं आणि तो काही वेळ पंखा बंद ठेवतो. नाहीतर उघड्या झाकणात जोरात हवा मारून त्यानं निखारे भडकवले असते.

इथपर्यंतची माहिती कुठेही मिळते. सर्किटचा नकाशा तयार, कोड तयार, सुट्या भागांची यादीही तयार. त्यापुढचा प्रश्न मात्र बहुतेक जण शेवटच्या रविवारी संध्याकाळी हाताळतात: हे सगळं ठेवायचं कशात?

आणि माझं मत असं की, हाच प्रश्न सगळ्यात आधी हाताळायला हवा.

खोका म्हणजे नुसतं झाकण नव्हे

आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट आठवा. प्लायवूडच्या फळीवर दुहेरी टेपनं चिकटवलेला बोर्ड, खाली लोंबणाऱ्या जंपर वायरी आणि ‘सर, हात लावू नका’ अशी विनवणी. एक्स्टर्नल येऊन गेले की फळी कपाटावर. खोका हा आपल्या लेखी मेकॅनिकलवाल्यांचा किंवा कारखान्याचा विषय. त्याला मार्क नाहीत, त्यामुळे त्याचा विचारही नाही.

बार्बेक्यूचा कंट्रोलर मात्र एसी लॅबमध्ये बसत नाही. तो अंगणात असतो. शेजारी निखारे, वर ऊन किंवा दव, भोवती धूर आणि त्याला हाताळणाऱ्या माणसाची बोटं चरबीनं माखलेली. शिवाय तो रात्रभर चालतो, तेव्हा मालक झोपलेला असतो. मधल्या तासांत भट्टी विझली तर मांस ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात पडून राहतं. अमेरिकेचं कृषी खातं या पट्ट्याला धोक्याचा पट्टा मानतं, कारण जिवाणू इथेच झपाट्यानं वाढतात. उलटं झालं, पंखा चालूच राहिला, तर प्रश्न जेवणाचा राहत नाही, आगीचा होतो.

म्हणून खोक्याकडे उपकरणाचा एक कार्यरत भाग म्हणून बघायला हवं. तो मोजमापातही ढवळाढवळ करतो, हे तर अनेकांच्या गावीही नसतं.

खोका तापमान चुकवतो कसा?

भट्टीच्या आतलं तापमान मोजायला बरेच जण के-टाइप थर्मोकपल वापरतात. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की दुसऱ्या बाजूला अगदी सूक्ष्म व्होल्टेज मिळतं, अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. पण हे व्होल्टेज भट्टीचं तापमान सांगत नाही. ते सांगतं भट्टीतलं टोक आणि खोक्यावरचं कनेक्टर यांच्यातला फरक. मग कनेक्टरचं तापमान कुठून आणायचं? चिप स्वतःचं तापमान मोजते, ‘कनेक्टरही एवढाच गरम असेल’ असं धरून चालते आणि ते त्यात मिळवते.

आता कल्पना करा, चिप रास्पबेरी पायच्या डोक्यावर बसली आहे आणि ५० अंशांवर आहे. कनेक्टर खोक्याच्या बाहेरच्या भिंतीवर, थंड हवेत, ४० अंशांवर. हिशेब सरळ आहे: भट्टीचं वाचन १० अंशांनी जास्त येणार. पडद्यावर १०७ दिसेल, आत प्रत्यक्षात ९७ असेल आणि कंट्रोलर खुशाल पंखा बंद ठेवेल. कोडमध्ये चूक नाही, प्रोब खराब नाही, सोल्डरिंगही चोख. चूक खोक्याच्या आखणीत आहे.

यावरचा उपाय फुकटचा आहे. थर्मोकपलची चिप कनेक्टरला चिकटून ठेवा आणि दोन्ही उष्णतेच्या उगमापासून लांब, शक्यतो खोक्याच्या खालच्या कोपऱ्यात. गरम हवा वर जाते, ती वर जाऊ द्या. मांसात खुपसायचे प्रोब बहुधा थर्मिस्टरचे असतात, त्यांना हा त्रास नाही.

आतली उष्णता कुठून येते, हेही बघायला हवं. पंख्याला १२ व्होल्ट लागतात, रास्पबेरी पायला ५. अनेक जण हातापाशी असलेला ७८०५ लावून टाकतात. अर्धा अँपियर ओढला तर उरलेले ७ व्होल्ट गुणिले अर्धा, म्हणजे साडेतीन वॅट नुसती उष्णता. बंद डब्यात हे म्हणजे छोटा हीटरच. बक कन्व्हर्टर लावला तर हा प्रश्न बराचसा मिटतो. मी तर म्हणेन, पंख्यानं खोका थंड करण्याच्या भानगडीत पडूच नका. धुराची चिकट काजळी आत ओढणारा पंखा काही महिन्यांत स्वतःच जाम होतो.

प्लास्टिक, पत्रा की थ्रीडी प्रिंट?

सध्या थ्रीडी प्रिंटरची हवा आहे आणि घरात प्रिंटर असला की पहिला हात पीएलएच्या रिळाकडे जातो. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं. उन्हात उभ्या बंद कारमध्ये पीएलएची वस्तू कशी वाकते, हे प्रिंटिंग करणाऱ्या कुणालाही विचारा. निखाऱ्यांच्या शेजारी त्याचं काय होईल, हे सांगायला नको. पीईटीजी ८० अंशांच्या आसपास टिकतं, एबीएस शंभरच्या थोडं पुढे जातं. एएसए हे एबीएसचं भावंड उन्हालाही दाद देत नाही, म्हणून बाहेरच्या कामाला ते बरं. लेझरनं कापलेली अॅक्रिलिकची पेटी दिसते देखणी, पण ड्रिल जरा घाईनं चालवलं की कोपऱ्याला तडा.

पत्र्याचा डबा, म्हणजे बिस्किटांचा किंवा जुना टिफिन, मजबूत असतो आणि जळत नाही. पण धातूच्या पेटीत वायफायचा अँटेना कोंडला की मोबाइलवर आलेख यायचा बंद. मग अँटेना बाहेर काढा, त्यासाठी आणखी एक भोक, त्याला आणखी एक रबर. शिवाय बोर्डाची मागची बाजू पत्र्याला टेकली तर शॉर्ट. प्लास्टिकचे स्टँड-ऑफ लावल्याशिवाय पत्र्याच्या वाटेला जाऊ नये.

माझी पसंती विचाराल तर सगळ्यात कंटाळवाण्या पर्यायाला: बाजारात मिळणारा करड्या रंगाचा एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचा जंक्शन बॉक्स. सीसीटीव्ही बसवणारे भिंतीवर ठोकतात, तोच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत असले डबे सहज मिळतात, अमेरिकेत तर हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात. झाकणाला रबरी पट्टी असते, कोपऱ्यांत स्क्रू असतात आणि फिका रंग उन्हात काळ्याइतका तापत नाही. प्रिंटर असेल तर त्यावर आतली चौकट प्रिंट करा, जिच्यावर बोर्ड बसेल. बाहेरचं कवच विकत घ्या.

अर्थात, डब्यावर ‘आयपी ६५’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. यातला ६ धूळ अजिबात आत येणार नाही असं सांगतो आणि ५ पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण सांगतो. हे प्रमाणपत्र अखंड डब्याचं असतं. तुम्ही पहिलं भोक पाडलंत की ते संपलं. तिथे केबल ग्लँड बसवली तरच काहीसं परत मिळतं.

भोकं कुठे पाडायची?

सगळी खालच्या बाजूला. खरं तर एवढं एक वाक्य पाळलं तरी अर्धं काम होतं. वरच्या भोकातून पाणी येतं, बाजूच्या भोकात तारेवरून ओघळून येतं, खालच्या भोकात येत नाही. तार आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. घरावरच्या डिश अँटेनाची केबल जाणकार माणूस अशीच आणतो.

ग्लँड फक्त पाण्यासाठी नसते. अंधारात कुणाचा तरी पाय तारेत अडकतोच. तेव्हा झटका ग्लँडनं सोसला पाहिजे, सोल्डर केलेल्या सांध्यानं नव्हे. तारांमध्येही भेद करा: भट्टीकडे जाणारी तार सिलिकॉनच्या किंवा स्टीलच्या जाळीच्या आवरणातली हवी, साधी पीव्हीसीची वायर गरम पत्र्याला टेकली की वितळते.

आणि एक भोक मुद्दाम उघडं ठेवा, तळाशी, छोटंसं. पूर्ण बंद डबा दिवसा तापतो, रात्री गार होतो आणि फटींतून दमट हवा आत ओढतो. ती हवा आत थिजून बोर्डावर पाणी धरतं. त्या भोकाला बारीक जाळी लावायला विसरू नका. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरची पेटी ज्यांनी कधी उघडली आहे त्यांना कारण सांगायला नको. आत पाल असते, मुंग्यांची वसाहत असते, कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं असतं. टेक्सासमधल्या मुंग्या काही वेगळ्या वागत नाहीत.

मोजमाप घेताना लोक बोर्ड मोजतात, प्लग मोजत नाहीत. यूएसबीची पिन आणि तिच्या मागचं तारेचं वळण याला सहज तीन-चार सेंटिमीटर लागतात. म्हणून आधी पुठ्ठ्याचा खोका करून बघा. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो. त्यात सगळं ठेवा, तारा लावा, झाकण बंद होतंय का बघा. बटणांपर्यंत हातमोजे घातलेलं बोट पोहोचतं का, तेही बघा. मेमरी कार्ड बदलायला पूर्ण पेटी उघडावी लागत असेल तर आखणी तिथेच बदला, पुठ्ठा स्वस्त आहे.

वीज बाहेरच

एका बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. घरच्या विजेची तार या खोक्यात आणायची नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३० व्होल्ट, दोन्ही ओल्या गवतावर उभ्या माणसाला पुरेसे आहेत. तयार १२ व्होल्टचा अॅडॉप्टर कोरड्या जागी ठेवा आणि खोक्यात फक्त १२ व्होल्ट येऊ द्या, तेही फ्यूजमधून. ‘एकच सुटसुटीत पेटी’ दिसायला छान म्हणून अॅडॉप्टर फोडून आत बसवणारे महाभाग असतात. तो सुटसुटीतपणा नको.

खोका भट्टीलाच चिकटवायचा मोहही होतो, लोहचुंबक लावून. नेहमीचं निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे आपली ताकद गमावायला लागतं, आणि भट्टीच्या अंगाला तेवढी उष्णता सहज असते. मध्यरात्री पेटी खाली पडल्याचा आवाज ऐकायला कुणी जागं नसतं. वेगळा खांब, लाकडी स्टँड, काहीही करा. प्रोबची तार मीटरभर तरी असते, ती त्यासाठीच.

वीज गेली तर काय, हा प्रश्नही आखणीतलाच. पंखा थांबतो, ते बरंच. पण पंख्याच्या नळीतून हवा तशीही आत जात राहते. झरोक्याची झडप मोटरनं उघडणारी असेल तर ती वीज गेल्यावर होती तिथेच राहते. स्वतःच्या वजनानं पडून बंद होणारी झडप मला जास्त भरवशाची वाटते.

एवढा उपद्व्याप कशाला, तयार कंट्रोलर विकत मिळतात की, असं कुणी म्हणेल. मिळतात. पण या छंदाची सुरुवातच घरगुती जुगाडातून झाली आहे. १९५२ मध्ये इलिनॉयमधल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे दोन भाग केले. खालच्याला पाय लावले, वरच्याला मूठ. आज जगभर दिसणारी गोल झाकणाची वेबर केटल त्यातूनच आली. ती शेगडी म्हणजे मुळात एक चांगला आखलेला खोकाच आहे: हवा कुठून येणार, कुठून जाणार आणि पाऊस कसा बाहेर राहणार, याचं उत्तर आकारातच दिलेलं.

तुमचा खोका तयार झाला की मांस आणण्याआधी एक चाचणी घ्या. प्रोब चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवा, वाचन शून्याच्या आसपास यायला हवं. मग उकळत्या पाण्यात. ह्यूस्टनमध्ये १०० अंश दिसतील, पुण्यात उंचीमुळे ९८, उंचावरच्या डेन्व्हरमध्ये ९५. आता झाकण स्क्रूनं घट्ट बंद करा, पेटी भर दुपारी उन्हात ठेवा, पंखा आणि वायफाय चालू करून चार तास सोडा आणि पुन्हा ताज्या बर्फात प्रोब घाला. सकाळी शून्य दाखवणारा पडदा आता चार किंवा पाच दाखवत असेल, तर कोड उघडू नका. झाकण उघडा आणि चिप कुठे बसवली आहे ते बघा.