फराह बाग आणि आपला धंदा

शिर्डी व शनी शिंगणापूरमुळे नगर जिल्ह्यात बारा महिने प्रवाशांची वर्दळ असते. खुद्द नगर शहरात मात्र प्रवासी चहापुरता थांबतो आणि पुढे निघून जातो. शेजारच्या औरंगाबादेत (2023 पासून छत्रपती संभाजीनगर) लेणी व मकबरा पाहायला येणाऱ्यांना हिमरू शाली विकून विणकरांची चूल पेटते. आपल्याकडे पाहण्यासारखे काही नाही काय?

भिंगारच्या बाजूची फराह बाग आठवा. मुर्तझा निजामशहाच्या काळात, 1583 साली सलाबतखानाने येथील महाल पुरा केला. तलावाच्या मधोमध अष्टकोनी इमारत आणि भोवती बाग. खापरी नळांनी दुरून पाणी आणून हे शहर व त्याच्या बागा जगवल्या गेल्या. त्याआधी अहमद निजामशहाने हश्त बिहिश्त बाग उभारली होती. या कामांवर गवंडी, चुनेवाले, कुंभार, माळी, सुतार यांची घरे चालली असणार. आज तलाव कोरडा आहे, बाग नावापुरती उरली आहे, आणि आपण मात्र निजामशाहीच्या थोरवीची भाषणे ऐकून घरी जातो. थोरवीने गल्ला भरत नाही.

फराह बाग संरक्षित स्मारक आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम चालत नाही, पुढील दोनशे मीटरवर परवानगी लागते. तेव्हा पक्क्या गाळ्यांचा आग्रह धरून अर्ज फाडून घेण्यात अर्थ नाही. मागायचे ते असे मागावे: बसस्थानकापासून थेट शहर बस, मार्गावर ठळक पाट्या, स्वच्छतागृह, आणि नियमात बसेल अशा अंतरावर सुटीच्या दिवशी हातगाड्यांना जागा.

त्याहून मोठी गोष्ट चुन्याची. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावले की ओल आत कोंडते व दगड-चुना खराब होतो. म्हणून अशा दुरुस्तीला चुनाच लागतो. चुना भिजवणे, मुरवणे, घाणीत मळणे जाणणारे मिस्त्री आता हातावर मोजण्याइतके राहिले आहेत, आणि त्यांची मुले सेंट्रिंगच्या कामाला जातात. हे म्हातारे उस्ताद हयात आहेत तोवर दहा-वीस पोरांना त्यांच्या हाताखाली उभे करावे. महाराष्ट्रात किल्ले, दर्गे, वाडे, मंदिरे थोडी नाहीत. हे काम जाणणाऱ्याला नगरबाहेरही बोलावणे येईल. पोरांची वर्षभराची रोजी कोणी द्यायची, हे व्यापारी मंडळींनी एका बैठकीत बसून ठरवावे. वर्गणी मांडवालाही निघतेच.