टपाल आलं हो, टपाल!

नाशिककराने टपालाला नावं ठेवू नयेत. 1926 पासून पोस्टाची तिकिटं आमच्या नाशिकरोडच्या छापखान्यात छापली जातात. त्याआधी बरीच वर्षं ती लंडनहून छापून येत. तेव्हा माझं भांडण टपालाशी नाही. टपाल आल्याची दवंडी पिटणाऱ्याशी आहे.

चिरंजीवांनी माझ्या संगणकात एक चिमुकला प्रोग्रॅम बसवून दिला. पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, एक इवलंसं पाकीट. दर पाच मिनिटांनी हा गृहस्थ ई-मेलच्या पेटीत डोकावतो आणि काही दिसलं की ‘टिंग’ करतो. “बाबा, आता तुम्हाला सारखी पेटी उघडायला नको.” खरं आहे. पूर्वी मी ती दिवसातून दोनदा उघडत असे. पहिल्याच दिवशी बावीसदा उघडली.

ही खोड तशी जुनी. 1980 च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात अशाच एका प्रोग्रॅमला तिथल्या एका कुत्र्याचं नाव दिलं होतं, ‘बिफ’. पोस्टमनवर भुंकायचा म्हणून, अशी पुढे दंतकथा झाली. कुत्र्याची निष्कारण बदनामी! कुत्रं निदान माणूस ओळखून भुंकतं.

गेल्या आठवड्यात आमचं पाकीट 42 वेळा किणकिणलं. 19 वेळा कुणी मला कर्ज देऊ केलं, 14 वेळा सदरे स्वस्त झाले, 8 वेळा माझं कशाबद्दल तरी अभिनंदन झालं. तिसऱ्या दिवशी माझे कान बधिर झाले. आणि त्यातच एक टिंग माझ्या शाळासोबत्याचं होतं: “बुधवारी नाशिकरोडवरून जातोय. गाडी पाच मिनिटं थांबते. फलाटावर येशील का?” मी ते शुक्रवारी वाचलं. आम्ही भेटलो त्याला अकरा वर्षं झाली.

पूर्वीचा पोस्टमन काय मूर्ख होता? मनीऑर्डर असली की फाटकातूनच हाक देई. कोपरा फाडलेलं कार्ड असलं की न बोलता हातात ठेवी. त्याला कर्ज आणि काळीज यांतला फरक कळत होता. या टिंगला कळत नाही, आणि ज्या बातमीला वजन नाही ती बातमी नव्हे, नुसता आवाज.

“पण अर्जंट असलं तर?” चिरंजीवांचा सवाल. अरे, अर्जंटसाठी तार होती. ती 2013 च्या जुलैत बंद झाली, तरी कुणाचं अडलं नाही, कारण घाईचा माणूस फोन करतो. पाठवणाऱ्याने केव्हाही पाठवावं. वाचणाऱ्याने मात्र आपल्या सवडीने वाचावं. टपालाला वेळ होती म्हणूनच त्याची वाट बघण्यात गंमत होती.

पाकीट मी काढून टाकलं. मित्राला फोन करून शिव्या खाल्ल्या. आता पेटी अकराला उघडतो, पुन्हा चारला.

परवा दुपारी चिरंजीव आतून ओरडले, “बाबा, मी तुम्हाला मेल टाकलंय, बघितलंत का?”

म्हटलं, “चार वाजू देत.”