एक घेतला, एक विकला. जोखीम कुठे गेली?

‘एक शेअर घ्यायचा, त्याच धंद्यातला दुसरा विकायचा. बाजार वर जावो की खाली, आपल्याला काय फरक पडतो?’ पेअर ट्रेडिंगचा हा युक्तिवाद मोबाइलवरून शहादा-सारंगखेड्यापर्यंत पोहोचला आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात कापसाचे पैसे बुडू शकतात.

बाजाराच्या दिशेची जोखीम कमी होते, हे मान्य. पण तिच्या जागी दुसरी येऊन बसते: नफा ज्यावर अवलंबून आहे ते दोन भावांतलं वाढलेलं अंतर मिटेल का, आणि मिटलं तर कधी? टाटा मोटर्सचा डीव्हीआर शेअर 2008 मध्ये आला. कंपनी तीच, मताधिकार एकदशांश, लाभांश थोडा जास्त. तरीही बराच काळ तो साध्या शेअरच्या निम्म्या भावाच्या आसपास रेंगाळला. ‘इतकी तफावत टिकूच शकत नाही’ असं म्हणणाऱ्यांना वर्षानुवर्षं ताटकळावं लागलं. अखेर जुलै 2023 मध्ये दहा डीव्हीआरना सात साधे शेअर देण्याची घोषणा कंपनीनेच केली, तेव्हा मार्ग निघाला. अमेरिकेतल्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडाने रॉयल डच आणि शेल या एकाच समूहाच्या दोन कंपन्यांवर हीच पैज लावली होती. त्या दोन कंपन्या 2005 मध्ये खरोखरच एक झाल्या. पण इतर सौद्यांसकट फंडाचा सगळा डोलारा 1998 मध्येच कोसळला होता. तर्क बरोबर होता, तो खरा ठरेपर्यंत खिसा टिकला नाही.

‘मग स्टॉपलॉस लावू, ठरलेल्या भावाला सौदा आपोआप मोडेल’ हे उत्तर अपुरं आहे. 16 जानेवारी 2024 ला बाजार बंद झाल्यावर एचडीएफसी बँकेचे निकाल आले. दुसऱ्या दिवशी शेअर उघडला तोच खाली, आणि दिवसभरात 8 टक्क्यांहून अधिक पडला. ती बँक घेऊन दुसरी विकून बसलेल्याचा स्टॉपलॉस रात्री काय करणार होता?

हिशेबातली एक चूक तर सर्रास दिसते. हातात नसलेला शेअर विकून सौदा रात्रभर ठेवायचा तर सामान्य गुंतवणूकदाराला सहसा फ्युचर्स, म्हणजे वायदे, गाठावे लागतात, आणि तिथे लॉट, म्हणजे एका सौद्यातली शेअरची संख्या, ठरलेले. समजा, घेतलेला लॉट 8 लाखांचा आणि विकलेला 6 लाखांचा. दोन्ही शेअर 10 टक्के पडले तर एकीकडे 80 हजार गेले, दुसरीकडे 60 हजार आले. त्या दोघांचं नातं जराही बिघडलेलं नाही, तरी 20 हजारांचा फटका! शिवाय तोटा रोजच्या रोज रोखीत भरावा लागतो, आणि मुदत संपेपर्यंत सौदा तसाच राहिला तर प्रत्यक्ष शेअरची देवघेव करावी लागते.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नुसत्या वंशावळीवर कुणी पैसे मोजत नाही. दात बघतात, भोवरे बघतात, जनावर पळवून त्याची चाल बघतात. जुना सहसंबंध ही शेअरच्या जोडीची वंशावळच आहे. दोन्ही कंपन्यांचं कर्ज, कच्चा माल, ग्राहक आजही सारखेच आहेत का, हे तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबता येणार नाही.

म्हणून पेअर ट्रेडिंग टाकाऊ आहे, असं माझं म्हणणं मुळीच नाही. बाजाराचा अंदाज न बांधता व्यवहार करण्याची ही अभ्यासू रीत आहे. पण तफावत आजवरच्या कमालीच्या दुप्पट झाली तरी घर चालेल, एवढाच सौदा करावा. दोन्ही बाजूंची रक्कम जुळत नसेल तर ती जोडी सोडून द्यावी. निकालाच्या आदल्या दिवशी हात रिकामे ठेवावेत. पाच जोड्या बँकांच्याच असतील तर ती विविधता नव्हे. ऑगस्ट 2007 मध्ये सारख्याच जोड्या धरलेले अमेरिकी फंड एकाच वेळी बाहेर पडू लागले, तेव्हा सगळेच भाजले. सौद्याला तोट्याइतकीच मुदतीचीही मर्यादा हवी, आणि ती आधीच कागदावर लिहून ठेवावी. तफावत वाढली की ‘आता आणखी स्वस्त’ म्हणून सौदा वाढवणं मात्र कटाक्षाने टाळावं. बाकीच्या चुकांतून माणूस सावरतो. ही चूक पीककर्जाच्या पैशाने केली, तर सावरायला पुढचा हंगामही पुरत नाही.