अ‍ॅम्प्लिफायर बदलला की आवाज बदलतो का?

गेल्या दिवाळीत मुलाच्या आग्रहाखातर आम्ही होम थिएटर घ्यायला बाजारात गेलो. दुकानदाराने आधी बावीस हजारांचा अ‍ॅम्प्लिफायर ऐकवला, मग पंचावन्न हजारांचा. स्पीकर तेच, गाणेही तेच. दुसऱ्यावर तबला अगदी समोर वाजतोय असे वाटले. चिरंजीव खूष! मी मात्र (पदार्थविज्ञान शिकवल्याची जुनी खोड) विचारले, की दोन्हींचा आवाज सारखाच मोठा ठेवला होता का? दुकानदार हसून म्हणाला, "सर, कान से सुनिए, किताब से नहीं."

म्हणूनच कानांविषयी लिहितो. आवाज एखाद्या डेसिबलने वाढला, तर तो आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘स्वच्छ’ वाटतो. त्यामुळे पातळी न जुळवता केलेली तुलना फसवी ठरते. शिवाय डोळ्यांना किंमत दिसत असते, ते वेगळेच.

हा वाद जुना आहे. १९८७ साली अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने सुमारे २२० डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून १२ हजार डॉलरच्या व्हॉल्व्हच्या जोडीपर्यंतचे अ‍ॅम्प्लिफायर, पातळी जुळवून, कोणता वाजतो आहे हे न सांगता ऐकवले. ऐकणाऱ्यांत फरक मानणारे होते तसेच न मानणारेही होते. दोघांनाही ते खात्रीने ओळखता आले नाहीत. पुढे रिचर्ड क्लार्क यांनी अशाच परीक्षेसाठी १० हजार डॉलरचे बक्षीस लावले. अट एवढीच, की बाराच्या दोन फेऱ्यांत एकही उत्तर चुकता कामा नये. ते बक्षीस कोणालाच जिंकता आले नाही.

याचा अर्थ फरक कधीच नसतो असा नाही. अ‍ॅम्प्लिफायरवर कुवतीपेक्षा अधिक भार टाकला की आवाज फाटतो. काही व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरप्रमाणे आपला स्वर बदलतात. होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये खोलीनुसार आवाज सुधारणारी सोय असते, ती चालू असली तर फरक नक्कीच ऐकू येतो. पण तो त्या सोयीचा फरक. आणि वॉटच्या आकड्यांना भुलू नये. ५० चे १०० वॉट केले तरी वाढ ३ डेसिबलचीच होते.

हे सगळे येथे सांगण्याचे कारण म्हणजे शाळेच्या सभागृहासाठी महागडा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, अशी सूचना पालकसभेत आली आहे. स्नेहसंमेलनात मुलांचे संवाद मागच्या रांगांत कळले नाहीत, ही तक्रार खरी आहे. मीही मागेच बसलो होतो. पण आवाज कमी नव्हता, तो घुमत होता. उघड्या भिंती, फरशी आणि वरचा पत्रा यांवर अ‍ॅम्प्लिफायरचा इलाज चालत नाही. तोच पैसा जाड पडद्यांवर, स्पीकरच्या योग्य जागेवर आणि दोन चांगल्या माइकवर खर्च झाला, तर शेवटच्या रांगेतल्या आजींनाही नातवाचे वाक्य कळेल.

तरीही विश्वस्तांना शंका असेल, तर सही करण्यापूर्वी नवा अ‍ॅम्प्लिफायर एका दिवसासाठी मागून आणावा. नववीच्या मुलांनी एक स्थिर सूर लावून स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटरने दोन्हींचे व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवावे. मग एकाने पडद्यामागे नाणे उडवून जुना किंवा नवा लावावा, ऐकणाऱ्याने ओळखावे. असे सोळा वेळा करावे. निव्वळ अंदाजाने बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारहून कमी आहे. कोणी बारा ओळखून दाखवले, तर मी माझी हरकत मागे घेईन आणि नव्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी वर्गणीही देईन. मल्टिमीटर माझ्याकडे आहे. शनिवारी दुपारी मी मोकळा असतो.