बॉस, तुक्का नको!

शनिवारी नागपूरहून भिवापूरला घरी निघालात की उमरेडपर्यंत पेपरातला सुडोकू झरझर सुटतो. मग गाडं अडतं, आणि बहुतेक जण पेनाने सरळ तुक्का मारतात. म्हणाल, चॅम्पियन लोकही मारतात की! बरोबर. २००८ची जागतिक स्पर्धा गोव्यात झाली, अमेरिकेचा थॉमस स्नायडर जिंकला. पण तिथे घड्याळ मागे लागलेलं असतं. तुम्हाला एसटीत कसली घाई?

त्यापेक्षा रिकाम्या घरांत शक्य ते सगळे अंक पेन्सिलीने बारीक लिहा (बोअर आहे, मान्य!) आणि एक्स-विंग शोधा. समजा, दुसऱ्या आडव्या ओळीत ७ फक्त तिसऱ्या किंवा आठव्या उभ्या रकान्यात बसतो. सहाव्या ओळीतही अगदी तसंच. आता दुसरीने तिसरा रकाना घेतला, तर सहावीला आठवा घ्यावाच लागणार. नाहीतर उलट. म्हणजे काहीही झालं तरी या दोन रकान्यांचे ७ याच दोन ओळींत संपले. त्या रकान्यांतल्या बाकीच्या घरांतून ७ बिनधास्त खोडा!

हाच फंडा तीन ओळी, तीन रकान्यांवर चालवला की झाला स्वोर्डफिश. तो हुडकायला मात्र नजर बसावी लागते.